तिसऱ्या ओळीवरचे नाव

डिसेंबर उजाडला आणि कॉन्फरन्सच्या, म्हणजे महाविद्यालयीन संघांच्या गटांच्या, अंतिम लढती आटोपल्या की अमेरिकेत सुमारे नऊशे माणसे एक मतपत्रिका भरतात. तिच्यावर तीनच ओळी असतात. पहिल्या ओळीवरच्या नावाला ३ गुण, दुसरीवरच्या नावाला २ आणि तिसरीवरच्या नावाला १. महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू या तीन ओळींतून ठरतो आणि न्यू यॉर्कमधल्या समारंभात त्याला हाइझमन ट्रॉफी दिली जाते. मतदारांत देशाच्या सहा विभागांतले, प्रत्येकी १४५ असे ८७० क्रीडापत्रकार असतात, हयात असलेले जुने विजेते असतात आणि देशभरच्या तमाम चाहत्यांना मिळून एक मत असते. मी त्या तमाम चाहत्यांपैकी एक आहे. २००६ च्या उन्हाळ्यात नोकरीनिमित्त ओहायोतल्या कोलंबस शहरात आलो आणि त्या वर्षापासून हंगाम चालू असेतोवर दर शनिवारी रात्री एका आखीव वहीत त्या तीन ओळी भरत आलो आहे. नावे खोडतो, वरखाली करतो, समासात कारण लिहितो. हे काम मी मनापासून करतो, कारण कोण कोणापेक्षा सरस हे ठरवताना आपण नेमके काय मोजतो आहोत, हा प्रश्न मला या वहीने जितक्या वेळा विचारला तितका दुसऱ्या कशानेच विचारलेला नाही.

कोलंबसमध्ये राहून या खेळापासून अलिप्त राहणे कठीण आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाचे घोड्याच्या नालाच्या आकाराचे स्टेडियम १९२२ सालचे आहे, त्यात लाखावर प्रेक्षक बसतात, आणि सामन्याच्या शनिवारी किराणा दुकानातल्या गल्ल्यावरही लाल आणि राखाडी हेच दोन रंग दिसतात. मी आलो त्या हंगामात ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक होता ट्रॉय स्मिथ. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डावपेचाच्या सुरुवातीला चेंडू ज्याच्या हाती येतो आणि तो कुठे फेकायचा, कोणाच्या हाती सोपवायचा हे जो ठरवतो तो. १८ नोव्हेंबरला पहिल्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटने दुसऱ्या क्रमांकाच्या मिशिगनला ४२–३९ असे हरवले, तेव्हा स्मिथने एकूण ३१६ यार्डांची फेक आणि चार टचडाउन केले. टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे पोहोचवणे. हंगामभरात त्याच्या फेकीवर ३० टचडाउन झाले. हाइझमनच्या मतमोजणीत दुसऱ्या आलेल्या अर्कान्सॉच्या डॅरेन मॅकफॅडनपेक्षा त्याला तब्बल १,६६२ गुण जास्त मिळाले. खेळ नुकताच समजू लागलेल्या मला वाटले, यात वादाला जागाच नाही.

मग ८ जानेवारी २००७ ची रात्र आली. राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात फ्लोरिडाने ओहायो स्टेटला ४१–१४ असे लोळवले. स्मिथच्या ज्या हाताने हंगामभर राज्य केले त्या हाताने त्या रात्री १४ वेळा चेंडू फेकला, त्यांतले ४ पोहोचले, आणि मिळाले एकूण ३५ यार्ड. पाच वेळा तो चेंडू हातात असतानाच जमिनीवर पाडला गेला. महिन्यापूर्वी जो देशातला निर्विवाद सर्वोत्तम होता तो असा एका रात्रीत सामान्य कसा झाला, हे मला कळेना. वहीतले त्या रात्रीचे पान कोरेच राहिले.

आमच्या गल्लीत, दोन घरे सोडून, एक निवृत्त प्रशिक्षक राहतात. तीस वर्षे त्यांनी एका हायस्कूलच्या संघातले लाइनमन घडवले. आक्रमणातले लाइनमन म्हणजे सगळ्यांत पुढे एका रेषेत उभे राहणारे पाच धिप्पाड गडी, ज्यांचे काम चेंडू घेऊन धावण्याचे नसून समोरच्याला अडवून धरण्याचे असते. सगळी गल्ली त्यांना ‘कोच’ म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्या पराभवानंतरच्या शनिवारी त्यांनी मला त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावले, सामन्याचे रेकॉर्डिंग लावले आणि पडद्यावर डाव्या टोकाच्या लाइनमनवर, ज्याला लेफ्ट टॅकल म्हणतात त्याच्यावर, बोट ठेवले. म्हणाले, “आज चेंडूकडे बघायचं नाही. फक्त याच्या डाव्या पायाकडे बघ.”

एकच क्षण त्यांनी मला दहा-बारा वेळा मागेपुढे करून दाखवला. चेंडू हलतो त्याच क्षणी टॅकलचा डावा पाय मागे सरकतो, उचलून नव्हे, जमिनीला घासत, अर्ध्या पावलाएवढा. अंगाचा भार आतल्या पायावर राहिला पाहिजे. दोन्ही तळहात छातीसमोर, अंगठे वर. पाय गरजेपेक्षा जास्त मागे गेला तर समोरचा आतल्या बाजूने घुसतो. कमी गेला तर बाहेरून वळसा घालून थेट क्वार्टरबॅकच्या पाठीवर येतो. हा सगळा हिशोब डोळ्याचे पाते लवण्याच्या आत करायचा, आणि सामन्यात साठ-सत्तर वेळा करायचा. फ्लोरिडाचे कडेचे बचावपटू इतके चपळ होते की ओहायो स्टेटच्या लाइनमनची पावले पुन्हा पुन्हा चुकत होती आणि स्मिथला मान वर करून कोण मोकळा आहे हे पाहायलाही सवड मिळत नव्हती. “नोव्हेंबरातला हात आणि जानेवारीतला हात एकच आहे,” कोच म्हणाले. “पडली ती समोरची भिंत.”

मग त्यांनी माझी वही मागितली. पाने सावकाश उलटली, आणि मिटून परत देताना म्हणाले, “तिसरी ओळ तू शेवटी भरतोस, म्हणून ती उरल्यासुरल्याला जाते. ती आधी भरत जा.”

मला हे पटायला वेळ लागला नाही, याचे कारण माझे वडील. ते तरुणपणी सांगलीकडे कबड्डी खेळत आणि उजवा कोपरा सांभाळत. गावातल्या लोकांना चढाई करणाऱ्यांची नावे पाठ असत. कोपऱ्यातल्या माणसाने घोटा धरून चढाईपटूला रोखले की टाळी पडे, पण दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा चढाईचीच होई. तरीही कबड्डीत पकडीला निदान गुण असतो. गुणलेखकाच्या कागदावर त्या पकडीची नोंद होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमनने साठ वेळा भिंत अभंग राखली तरी त्याच्या नावापुढे आकडा पडत नाही, आणि एकदा चुकला तर मात्र लगेच पडतो. समोरच्याला बेकायदा धरून ठेवल्याचा दंड झाला की निवेदक त्याचा क्रमांक पुकारतो, क्वार्टरबॅक पाडला गेला की पडद्यावर त्याची चूक पुन्हा पुन्हा दाखवली जाते. ज्याची केवळ चूकच मोजली जाते, त्याला आकड्यांच्या आधाराने क्रमवारीत बसवायचे कसे?

२००० ते २०२४ या पंचवीस हंगामांत वीस वेळा ही ट्रॉफी क्वार्टरबॅकला मिळाली आहे. आक्रमणातल्या निव्वळ लाइनमनला ती आजवर एकदाही मिळालेली नाही. ट्रॉफीच्या पुतळ्याचा घाटच पाहावा. १९३५ साली न्यू यॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबने हा पुरस्कार सुरू केला, तेव्हा फ्रँक एलिस्क्यू या तरुण शिल्पकाराने न्यू यॉर्क विद्यापीठाच्या एड स्मिथ या खेळाडूला समोर उभे करून हा पुतळा घडवला. एका काखेत चेंडू घट्ट धरलेला, दुसरा हात समोरच्याला दूर लोटण्यासाठी ताठ पुढे केलेला, आणि पाऊल धावेत. पुतळा सुंदर आहे, धातूचा असून त्याच्यात वेग आहे. पण सर्वोत्तम खेळाडू म्हणजे चेंडू ज्याच्या हातात आहे तो, हे त्या पुतळ्याने पहिल्याच वर्षी सांगून टाकले, आणि मतदारांच्या पिढ्यांमागून पिढ्या ते ऐकत आल्या.

एकदा हा नियम मोडता मोडता राहिला, आणि तोही आमच्या कोलंबसमध्ये. १९७३ साली ओहायो स्टेटचा टॅकल जॉन हिक्स हाइझमनच्या मतदानात दुसरा आला. पहिला आला पेन स्टेटचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, जॉन कॅपेलेटी. कॅपेलेटीने ती ट्रॉफी रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या आपल्या धाकट्या भावाला अर्पण केली, त्यामुळे त्या वर्षीच्या समारंभाची आठवण निघते ती त्याचीच, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्या यादीत खाली पाचव्या स्थानावर असलेले नाव बोलके वाटते. ते नाव आर्ची ग्रिफिन. हिक्स ज्याच्यासाठी वाट मोकळी करत होता, त्याच ओहायो स्टेटचा हा रनिंग बॅक. धावणाऱ्याला पाचवे स्थान आणि वाट करून देणाऱ्याला दुसरे, असे त्यापूर्वी किंवा त्यानंतर मतदारांनी कधी लिहिले असेल असे मला वाटत नाही. पुढे १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षे ग्रिफिनला हाइझमन मिळाली. दोनदा ती मिळवणारा तो आजही एकटाच आहे. नियमित हंगामाच्या लागोपाठ ३१ सामन्यांत शंभराहून अधिक यार्ड धावण्याचा त्याचा विक्रम कोणीही मान लववावी असा आहे. पण माझ्या वहीत, तो काळ पुन्हा जगता आला असता तर, १९७३ ची पहिली ओळ हिक्सची असती.

जे दिसत नाही ते मोजायचे राहणे ही एक गोष्ट झाली. समोर दिसत असूनही न मोजणे ही निराळी आणि अधिक गंभीर गोष्ट आहे, आणि या ट्रॉफीच्या इतिहासात तीही आहे. १९५६ साली ती नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला मिळाली. त्याचा संघ त्या वर्षी दोन सामने जिंकला आणि आठ हरला. हरलेल्या हंगामातला तो आजवरचा एकमेव विजेता. पहिल्या पसंतीची मते ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडॉनल्डला त्याच्याहून जास्त होती, तरी दुसऱ्या-तिसऱ्या ओळींच्या बेरजेने मॅकडॉनल्ड तिसऱ्या स्थानावर गेला. आणि पाचव्या स्थानावर होता सिरॅक्यूजचा जिम ब्राउन. आठ सामन्यांत ९८६ यार्ड, कोलगेटविरुद्ध एकट्याचे ४३ गुण, आणि शरीर असे की एका माणसाने त्याला पाडले असे क्वचितच घडे. हा खेळाडू पाचवा? ब्राउन कृष्णवर्णीय होता, आणि तोवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला हाइझमन मिळालेली नव्हती. तीन ओळींची मतपत्रिका कितीही विचारपूर्वक आखलेली असली तरी ती भरणाऱ्याच्या डोळ्यांपलीकडे तिला दिसत नाही.

पाच वर्षांनी, १९६१ मध्ये, ब्राउनच्याच सिरॅक्यूजचा, त्याचाच ४४ क्रमांक पाठीवर घेऊन खेळणारा अर्नी डेव्हिस ही ट्रॉफी मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्याने मागे टाकले ते ओहायो स्टेटच्या बॉब फर्ग्युसनला, ८२४ विरुद्ध ७७१ अशा गुणांनी. कोलंबसमधल्या जुन्या लोकांना हे ५३ गुण अजून आठवतात. पण त्या आठवणीत मी कधी कडवटपणा ऐकलेला नाही. डेव्हिसला ल्युकेमिया झाला. क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतले होते, पण त्यांच्यासाठी एकही सामना न खेळता मे १९६३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो क्लीव्हलँडमध्ये वारला. त्याच्या आयुष्याची सगळी मोजदाद महाविद्यालयातल्या तीन हंगामांतच झाली. ती वेळेवर आणि खरी झाली, याचे मला प्रत्येक वेळी समाधान वाटते.

माझ्या वहीतला सर्वांत जास्त खाडाखोडीचा हंगाम २०२४ चा आहे. एका बाजूला बॉइसी स्टेटचा रनिंग बॅक अ‍ॅश्टन जेंटी, दुसऱ्या बाजूला कोलोराडोचा ट्रॅव्हिस हंटर. जेंटी डावपेच सुरू होण्याआधी इतर धावपटूंसारखा गुडघ्यांवर हात टेकून वाकत नाही. दोन्ही हात बाजूला सैल सोडून, ताठ, एखादा माणूस बसची वाट पाहत उभा असावा तसा उभा राहतो. आणि चेंडू हातात आला की तिघाचौघांच्या अंगावरून निसटतो. मतदान होईपर्यंत १३ सामन्यांत त्याने २,४९७ यार्ड आणि २९ टचडाउन केले होते. त्याच्यावर आक्षेप एकच होता, की त्याचा संघ लहान कॉन्फरन्समधला, समोरचे प्रतिस्पर्धी दुबळे. मला तो कधीच पटला नाही. ७ सप्टेंबरला ओरेगनविरुद्ध, म्हणजे पुढे सारा नियमित हंगाम अपराजित राहिलेल्या संघाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, त्याने १९२ यार्ड आणि तीन टचडाउन केले होते, आणि बॉइसी स्टेट हरले ते केवळ तीन गुणांनी. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत माझ्या पहिल्या ओळीवर त्याचेच नाव होते.

हंटर मात्र दोन खेळाडूंचे काम एकटा करत होता. आक्रमणात तो वाइड रिसीव्हर, म्हणजे लांबून आलेला चेंडू झेलणारा, आणि बचावात कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या संघाच्या झेलणाऱ्याला सावलीसारखा चिकटून राहणारा. नियमित हंगामाच्या बारा सामन्यांत त्याने ९२ झेल घेतले, १,१५२ यार्ड मिळवले, १४ टचडाउन केले आणि बचावात चार वेळा प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हवेत पळवला. २१ सप्टेंबरला बेलरविरुद्ध सामना जादा वेळेत गेला. कोलोराडो सात गुणांनी पुढे होता आणि बेलरचा धावपटू चेंडू घेऊन गोलरेषेशी पोहोचलाच होता, तेवढ्यात हंटरने त्याला असा धक्का दिला की चेंडू हातातून सुटून सीमेपार गेला आणि सामना तिथेच संपला. तोच हंटर त्या संध्याकाळी आक्रमणातही प्रत्येक डावाला पळत होता.

माझे मन वळले ते मात्र या धक्क्याने नव्हे. नोव्हेंबरच्या एका शनिवारी कोचने मला हंटर ज्या बाजूला बचावाला उभा होता तीच बाजू सामनाभर पाहायला लावली. त्या बाजूला जवळजवळ काही घडतच नव्हते. समोरचा क्वार्टरबॅक तिकडे मान वळवी, क्षणभर पाही आणि चेंडू दुसरीकडे फेकी. न फेकलेल्या चेंडूंची नोंद कोण ठेवणार? कॉर्नरबॅकचा सर्वोत्तम दिवस आकड्यांच्या तक्त्यात रिकामा दिसतो, लाइनमनच्या दिवसासारखाच. त्या रात्री मी जेंटीचे नाव दुसऱ्या ओळीवर आणले. मला ते करताना वाईट वाटले, हे लिहिलेच पाहिजे. समासात मी कारण लिहिले ते असे: जेंटीने जे केले ते त्याच्या जागेवरच्या माणसाने अधिकाधिक करावे इतके होते; हंटरची जागा भरायला दोन माणसे लागतील, आणि त्यांतल्या एकाचे निम्मे काम कोणाला दिसणार नाही.

१४ डिसेंबरला निकाल लागला. हंटर २,२३१, जेंटी २,०१७. तिसरा आला ओरेगनचा क्वार्टरबॅक डिलन गेब्रियल, चौथा मायॅमीचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड. प्रामुख्याने बचावासाठी ओळखल्या गेलेल्या खेळाडूला हाइझमन मिळाल्याचे त्याआधीचे उदाहरण १९९७ च्या चार्ल्स वुडसनचे. तो ओहायोचाच मुलगा, पण खेळला मिशिगनकडून, म्हणून कोलंबसमध्ये त्याचे नाव फारसे निघत नाही. जेंटीच्या वाट्याला आणखी एक हुकलेली गोष्ट आली. बॅरी सँडर्सने १९८८ मध्ये एका हंगामात २,६२८ यार्डांचा विक्रम केला होता. ३१ डिसेंबरला पेन स्टेटने जेंटीला १०४ यार्डांवर रोखले आणि तो २,६०१ वर थांबला, २७ यार्ड अलीकडे. सँडर्सने ते ११ सामन्यांत केले होते आणि जेंटीने १४ सामन्यांत. शिवाय सँडर्सच्या काळी हंगामोत्तर बोल सामन्यातले यार्ड बेरजेत धरत नसत. हे दोन आकडे शेजारी मांडून लोक वाद घालतात तेव्हा ते एकाच मापाने मोजलेलेच नाहीत, हे कोणीतरी दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

माझी तिसरी ओळ त्या वर्षी सप्टेंबरातच भरलेली होती आणि हंगामभर तिच्यावर खोडाखोड झाली नाही. ते नाव टेक्ससचा लेफ्ट टॅकल केल्विन बँक्स ज्युनियर, क्रमांक ७८. लाइनमनसाठीची आउटलंड आणि लोंबार्डी ही दोन्ही पारितोषिके त्याला त्या हंगामात मिळाली, १९७३ मध्ये जॉन हिक्सला मिळाली होती तशीच. हाइझमनच्या अंतिम फेरीला न्यू यॉर्कला गेलेल्या चौघांत तो नव्हता. कोचला वही दाखवली तेव्हा त्यांनी पहिल्या दोन ओळींवर एक शब्दही काढला नाही. तिसऱ्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने ७८ एवढेच लिहिले.

१० जानेवारी २०२५ ला उपांत्य फेरीत ओहायो स्टेटची गाठ टेक्ससशीच पडली. कोचच्या गॅरेजमध्ये निम्मी गल्ली जमली होती. शेवटची काही मिनिटे उरली असताना आम्ही २१–१४ असे पुढे होतो, आणि टेक्सस आमच्या गोलरेषेपासून आठ यार्डांवर, चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नाला उभे होते. पुढच्याच क्षणी आमच्या जॅक सॉयरने टेक्ससच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू पाडला, तो स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. गॅरेजमधली सगळी माणसे उभी होती. मी ७८ च्या डाव्या पायाकडे पाहत होतो. चेंडू सुटल्याचे मला आरोळी उठल्यावर कळले.